सुदामची काटछाट

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये टेकचंद शेठचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, सुदाम होता. रोज सकाळी अंबरनाथहून डबा घेऊन यायचा, काळोखात शिरायचा आणि अख्ख्या पंचक्रोशीतल्या हौशी फोटोग्राफरांची अब्रू झाकायचा. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. शेठचं म्हणणं एवढंच, "गिराइक को कुछ बोलने का नहीं. फोटो अच्छा करके देने का." सुदामने ते नको इतकं मनावर घेतलं.

देऊळ वाकडं आलं असलं की तो सरळ करी. आभाळ फार झालं की निम्मं गाळी. छापताना कागद जरासा फिरवला-सरकवला की कडेचा गचाळपणा आपोआप बाहेर राहायचा. बकरीची शेपटी, कुणाचं कोपर, खुद्द फोटोवाल्याचा अंगठा, सगळं बाहेर. तोंडाने मात्र चकार शब्द नाही. "कसा आलाय रे?" असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "वाळला की न्या."

अंबरनाथला या मंडळींचा क्लब होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या वर्गात फोटो फळ्याला टेकवायचे आणि एकमेकांच्या चुका काढायच्या, असा नियम. आता चुका सापडणार कुठून? त्या कॅम्प तीनमध्येच गाळलेल्या. मग नियम पाळायचा म्हणून कुणी म्हणे सावली जरा जास्तच काळी आहे, कुणी म्हणे म्हशीने इकडे बघायला हवं होतं. सुदाम मागच्या बाकावर बसून ऐकायचा. कुणी "चौकट काय साधलीय" म्हटलं की त्याला गुदगुल्या व्हायच्या आणि लगेच वाईटही वाटायचं, कारण मान डोलवायची सोय नव्हती.

क्लबात सगळ्यांच्या वर धोंडिबा भालेकर. केमिकल कंपनीत स्टोअरकीपर, नऊ वर्षांत चार बक्षिसं. खरं सांगायचं तर त्यांच्याइतके वाईट फोटो कुणीच काढत नव्हतं. त्यांच्या प्रत्येक निगेटिव्हमध्ये डावीकडून एक बाई घुसलेली असायची. निगेटिव्हमध्ये तोंड काळं, केस पांढरे, ओळखणार काय डोंबल. सुदाम तिला कापायचा. पुढच्या रोलमध्ये ती आणखी आत यायची, मग तो आणखी कापायचा. कापून कापून एखादा म्हातारा आणि एक पायरी एवढंच उरे, आणि परीक्षक म्हणत, "याला म्हणतात नेमकेपणा."

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर भालेकर पेढे घेऊन स्टुडिओत आले.

"सुदाम, राजीनामा लिहिलाय. सोमवारी देतो. बदलापूरला स्टुडिओ टाकतोय, लग्नाच्या ऑर्डरी घेणार. चार बक्षिसं काय फुकट मिळाली?"

पेढा सुदामच्या हातातच राहिला. बावीस वर्षांची नोकरी, दोन मुली शाळेत, आणि हा देवमाणूस लग्नात नवरीला अर्धीच काढणार. सुदाम मनातून हादरला. बोललो तर साहेबांचा मान जाणार, गप्प बसलो तर नोकरी.

पण बोलायची सवयच कुठे होती? त्याने काहीतरी थाप मारून बक्षिसाच्या चारही निगेटिव्ह मागून घेतल्या आणि न कापता जशाच्या तशा छापल्या. चारही फोटोंत एकच बाई निघाली, तेव्हा तो जरा चरकला. रविवारी तो पहिल्यांदाच भालेकरांच्या घरी गेला आणि फोटो सतरंजीवर मांडले.

"साहेब, तुमचे फोटो असे असतात. मी कापून द्यायचो. राजीनामा देऊ नका."

भालेकरांचा चेहरा पडला. वाकडी देवळं, अंगठा, आणि कडेला कॅमेऱ्याची बॅग सांभाळत हसणारी ती बाई. चौथ्या फोटोत तर ती जवळजवळ मधोमध होती. तेवढ्यात चहा घेऊन तीच बाई आतून आली.

"अगं, तू फोटोत येत होतीस की," भालेकर म्हणाले. मग सुदामकडे वळले. "दर वेळी ही विचारायची, मी कुठंय? मला वाटायचं माझा नेमच चुकतो. म्हणून दर वेळी कॅमेरा आणखी हिच्याकडे वळवायचो."

"आणि मी आणखी कापायचो," सुदाम म्हणाला.

द्रौपदीवहिनींनी एकेक फोटो उचलून नीट पाहिला. "यांना फोटो काढता येत नाहीत, हे मला ठाऊकच होतं. देवळं बघा, प्यायल्यासारखी उभी आहेत." भालेकरांनी मुकाट्याने राजीनाम्याचा कागद पालथा घालून त्यावर बशी ठेवली. मग वहिनी सुदामकडे वळल्या. "पण भाऊ, तुमची नजर एवढी पक्की. नऊ वर्षं एकाच बाईला कापलंत आणि एकदाही विचारलं नाहीत, ही कोण?"

सुदामच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, कारण ते काम कुणाला माहीतच नव्हतं. पहिलीच चूक निघाली आणि ती खरी होती. त्याला फार लाज वाटली.

"चुकलं, वहिनी."

"डबाभर निगेटिव्ह पडल्यात घरात. सगळ्या छापाल?"

"छापतो. देवळं तेवढी सरळ करतो."

"नको," वहिनी म्हणाल्या. "देवळं सरळ करायला गेलात की मी बाहेर पडते."