विनताबाईंची फुगडी आणि शहपुऱ्याचा मध

जबलपूरच्या गोरखपुरात राहणाऱ्या विनताबाई देवपुजारींना गर्व होता तो आपल्या फुगडीचा. मंगळागौर कोणाचीही असो, विनताबाईंनी पदर खोचला की पोरीबाळी भिंतीला लागत. साठी कधीच उलटली होती, तरी त्या समोरचीला दमवून खाली बसवत आणि वर विचारत, "काय झालं, चक्कर येऊन राहिली का?"

गेल्या वर्षी मात्र घात झाला. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टर अवंतिकांनी गोळ्या, चालणं आणि कोवळं ऊन लिहून दिलं आणि फुगडीवर काट मारली. पुतणीची, प्रणोतीची मंगळागौर विनताबाईंनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, टाळ्या वाजवत काढली. शेजारच्या शरयूबाई गिरकी घेता घेता म्हणाल्या, "बसा बसा, वहिनी. तुमचं झालं आता." हे फार झोंबलं. पुढच्या श्रावणात ह्याच बाईला गरगर फिरवायचं, असं विनताबाईंनी त्या खुर्चीतच ठरवलं.

इकडे यजमान शरच्चंद्ररावांनी वेगळंच ठरवलं. ते तोफगाड्यांच्या कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. घरात आलेली मेथीची जुडीसुद्धा पास-नापास केल्याशिवाय आत जात नसे. मधानं हाडं बळकट होतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. गोळ्यांनी मूतखडे होतात, हे मात्र वाचायचीही त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या, शहपुऱ्याला जाऊन नथ्थू मधवाल्याकडून बरणी आणली आणि मधाची कसून परीक्षा घेतली. पाण्यात थेंब सोडून पाहिला, टीपकागदावर पाहिला, काडी बुडवून पेटवूनही पाहिली. मध पास झाला.

"घे. एका वर्षात हाडं लोखंड होतात की नाही बघ."

विनताबाईंना मधाचा वाससुद्धा सहन होत नसे. पण रोज सकाळी हौसेनं वाटी भरून आणणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? "देवाला दाखवून घेते," म्हणत त्या वाटी देवघरात नेत आणि सगळा मध बाळकृष्णाच्या पंचामृतात ओतत. अभिषेक झाला की शरच्चंद्रराव तीर्थाला हजर. पंचामृत टाकायचं नाही, हा त्यांचा बालपणापासूनचा नेम. ते भांडं पुसून घेत आणि म्हणत, "हल्ली पंचामृत फार छान जमून राहिलं तुला."

गोळ्या विनताबाईंनी दुसऱ्या आणल्या आणि साबुदाण्याच्या डब्यात दडवल्या. त्या डब्याला ते कधी हात लावत नसत. चालायला तर त्या उघडच जात. मधाची शरच्चंद्ररावांनी हर तऱ्हेनं तपासणी केली. तो कोणाच्या पोटात जातो, एवढंच बघायचं राहिलं.

वर्ष सरलं. मंगळागौर चार दिवसांवर असताना डॉक्टर अवंतिका नवा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "बहुत बढ़िया, आंटी! हाडं सुधारलीत. सावकाश खेळणार असाल तर फुगडी चालेल."

"शहद!" शरच्चंद्रराव खुर्चीतून उठलेच. "मी सांगत होतो!"

"अंकल, मध चांगलाच. उंदरांवरच्या काही प्रयोगांत हाडांना फायदाही दिसलाय. पण माणसांच्या बाबतीत अजून पक्का पुरावा नाही. हा गोळ्यांचा गुण."

"गोळ्या? त्या तर मी वर्षभरापूर्वीच बंद केल्या!"

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "गोळ्या घेतल्याच नाहीत? मग हा रिपोर्ट मला बरोबर वाटत नाही. पुन्हा काढू. तोवर फुगडी बंद."

विनताबाईंनी पर्स मांडीवर ओढली. खरं सांगावं, तर वर्षभर वाटी भरणाऱ्या नवऱ्याचं तोंड एवढंसं होणार. न सांगावं, तर पुन्हा ती प्लास्टिकची खुर्ची. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा शरयूबाई आठवल्या, आणि पर्समधून, डॉक्टरांना दाखवायला आणलेली गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. पाकिटांना साबुदाणा चिकटलेला होता.

"मग मध?" शरच्चंद्ररावांनी एक पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"पंचामृतात."

ते सगळं पंचामृत कोणी संपवलं, हे त्यांना हळूहळू उमगत गेलं. डॉक्टरांनी हसू दाबत विचारलं, "अंकल, तुमची शुगर कधी तपासली होती?"

विनताबाईंची फुगडी पुन्हा पास झाली, पण शरच्चंद्ररावांची शुगर वाढलेली निघाली. त्यांनी दोन दिवस मधाच्या बरणीकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी विनताबाई उठल्या, तर ओट्यावर पाण्याचा पेला आणि मधाच्याच वाटीत एक गोळी. विनताबाईंचे डोळे भरून आले.

मंगळागौरीला विनताबाईंपुढे शरयूबाईंचा नक्षा उतरला. दोन मिनिटांतच त्या सतरंजीवर बसल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "काय खाता हो, वहिनी? मलाही सांगा!"

विनताबाईंनी दाराकडे पाहिलं. पुरुषमंडळींतून उठून आलेले शरच्चंद्रराव बिनसाखरेचा चहा घेऊन उंबऱ्यात उभे होते. त्यांची लाज राखावी म्हणून "मध" म्हणायला विनताबाईंनी तोंड उघडलं, तोच उंबऱ्यातून खणखणीत आवाज आला.

"गोळ्या खाते ती. मध मी खाल्ला."

सगळ्या बायका हसत सुटल्या. विनताबाई मात्र थेट उंबऱ्यापाशी गेल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"चला, एक फुगडी."

"अगं, माझी हाडं कुठं तपासली आहेत?"

"वर्षभर मध खाल्ला न तुम्ही? मग भिता काहून?"