मस्कतला जाणारे घरमालक

जगात जे काही बिघडतं ते उष्णतेनेच बिघडतं, असं आमच्या रत्नागिरीच्या घरमालकांचं ठाम मत होतं. जन्मभर त्यांनी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मशिनं सांभाळली होती, आणि मासळीला लागू असलेला नियम माणसांना, औषधांना आणि घड्याळांनाही लागू आहे अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांच्या फ्रिजमध्ये दूध-भाजी कमी आणि टॉर्चचे सेल, डिंकाची बाटली, दाढीचं क्रीम, चष्म्याची जादा जोडी असल्याच वस्तू जास्त. चहासुद्धा ते पंख्याखाली ठेवून पार निवल्यावर पीत. बदली होऊन मी सांगलीहून आलो त्या दिवशी त्यांनी आधी माझ्या खोलीतला पंखा तपासला आणि मग नाव विचारलं. नाव कळल्यावरही मला कायम ‘सांगलीकर’ म्हणूनच हाक मारली.

खाली मी आणि वर ते, असे दोघेच त्या घरात राहत होतो. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मस्कतला नोकरीला होता. जाताना तो आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला होता आणि त्यात विमान चालवायचा एक खेळ होता. वडिलांनी आधी तो पुसायला म्हणून उघडला, मग बघायला म्हणून, आणि माझ्या ओळखीचे झाले तेव्हा ते रोज दुपारी जेवण आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून विमान चालवायला बसत. सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरच्या, आपल्या विमानतळावरून उडायचं आणि थेट मस्कत. मधे कुठे थांबणं नाही. अडीच तासांचा तो प्रवास, आणि तो चालू असेपर्यंत दारावर कोणीही आलं तरी ते उठत नसत. दुपारची मासळीवाली हे ओळखून होती. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की ती फाटकातूनच मला विचारी, “काका उतरले काय हो?” आणि नसतील उतरले तर बांगडे माझ्या ओट्यावर ठेवून पुढे जाई.

पण काका मस्कतला कधी उतरतच नसत. खेळ भारी होता आणि कॉम्प्युटर म्हातारा. सव्वा तासात तो इतका तापे की समुद्राच्या बरोबर मध्यावर पडदा काळा होई. काका जिना उतरून खाली येत आणि ओट्यावर बसत. “आजही पाण्यातच,” एवढंच म्हणत. जुन्या दोस्तांपैकी बरेचसे मुंबईला मुलांकडे गेले होते. हे सांगायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

शेवटी त्यांनी एका बंद पडलेल्या लॉजमधला जुना खिडकीचा एसी आणला. आठवडाभर वरून पत्रा ठोकल्याचे आवाज येत होते. मी जाऊन पाहिलं तर एसीच्या तोंडाला पत्र्याचं नळकांडं बसवलेलं, आणि त्याचं दुसरं टोक कॉम्प्युटरची एक बाजू कापून आत घातलेलं. खोलीला नाही, काकांना नाही, गारवा फक्त त्या डब्याला. खाली मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून दिवस काढत होतो. म्हटलं, काका, हे जरा उलटं होतंय. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हाला घाम येतो, सांगलीकर. त्याला घामाची सोय नाही.”

पहिल्याच दिवशी त्याला घाम आला. आमच्या दमट हवेत तो गार डबा बाहेरून आणि आतून इतका भिजला की खाली फडकं घालावं लागलं. काकांनी त्याला तीन दिवस तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला आणि स्वतः पोळ्यांवर राहिले. चौथ्या दिवशी तो चालू झाला. मग त्यांनी सगळ्या फटी बुजवल्या, गारवा बेताचा केला, आणि आधी एसी बंद, दहा मिनिटांनी कॉम्प्युटर बंद, असा नियम भिंतीवर लिहून लावला.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी मला सोबतीला बोलावलं. शेजारी खुर्ची मांडली होती. एक तास गेला, दीड गेला, पडदा उजळच राहिला. दोन तासांनी तपकिरी डोंगर दिसले, मग किनारा, मग धावपट्टी. विमान दोनदा उसळलं आणि टेकलं. काकांनी ते इमारतीपाशी नेऊन इंजिन बंद केलं. खोलीत नुसती एसीची घरघर उरली. त्या विमानतळावर माणसं नव्हती; खेळात माणसं घातलेलीच नव्हती. काकांनी त्या रिकाम्या फरशीच्या कडेला पडद्यावर बोट ठेवलं.

“इथनं त्याचं घर वीस मिनिटांवर,” ते म्हणाले. “ही गेली तेव्हा म्हणालेला, चला माझ्याकडे. मी नको म्हटलं. वाटलं, पुन्हा विचारील.”

मी म्हटलं, फोन करा ना त्याला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय सांगू? येऊन गेलो म्हणून सांगू?”

पुढच्या शुक्रवारी, मुलाच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी फोन करून खरंच तसं सांगितलं. मी ओट्यावर होतो. वरून वाऱ्याचा वेग, उंची, विमान दोनदा उसळलं ते, सगळं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभे राहिले. “विचारलंन,” ते म्हणाले, आणि शर्टाची बटणं उगाच नीट करत राहिले.

जूनमध्ये माझी बदली झाली. दिवाळीला फोन केला तेव्हा कळलं, पासपोर्ट आलाय, मुलगा तिकीट काढतो म्हणतोय, पण यांनी अजून तारीख दिलेली नाही. मी जरा रागावूनच विचारलं, आता कशाची वाट बघताय.

“जाईन हो,” काका म्हणाले. “पण गेलो की परत यायचं आलं ना. आत्ता नुसतं जायचंच आहे.”