सांबारवाल्याची हाक

गळ्याखाली लोंबणारी कातडी मला आरशात बघवत नव्हती, म्हणून सत्तरीत नागपूरला जाऊन मी मान ताणून घेतली. गावात मात्र सांगितलं, गाठ काढली. टाके काढायला यवतमाळहून एसटीने निघालो, तेव्हा एक माणूस शेजारी बसला होता.

उन्हातही त्याने गळ्याला दुपट्टा गुंडाळला होता. आत दोन बोटं घालून तो काहीतरी चाचपायचा आणि हळूच पुटपुटायचा, "सांबार घ्या, हिरवागार सांबार!" बाजारात सांबार म्हणजे कोथिंबीर विकणारा तो माणूस आपला आवाज तपासून पाहत होता.

वाटेत कळंब आलं तसा तो पिशवी घेऊन उठला. तेवढ्यात माझ्या मानेवरची पट्टी त्याला दिसली.

"काका, तुमची बी गाठच होती का?"

मागच्या सीटवर गावातली माणसं होती. "हो," मी म्हणालो.

"अन् आवाज? घरचे म्हनते, ऑपरेशन केलं का आवाज जाते. मी तं नागपूरचं ऑपरेशन सोडून इथंच उतरून पळून राह्यलो होतो."

"हा काय, बोलून राह्यलो ना मी."

"हाव ना! खणखणीत हाय." तो हसला आणि परत खाली बसला.

खरं सांगायला नागपूरपर्यंत वेळ होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. उतरताना त्याने गळ्याचा दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला.

माझी फक्त कातडी कापली होती. आवाजाला धक्का लागायचा प्रश्नच नव्हता. बाजारात सांबाराची हाक आली की मी अजूनही आधी विकणाऱ्याचा चेहरा पाहतो.