बुडालेल्या कंपनीची गाडी

भांगे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. भांग पाडावा तर त्यानंच, अशी त्याची ख्याती झाली आणि लोकांनी ते नाव त्याला चिकटवून टाकलं. बाजारामागच्या गल्लीत त्याचं सलून होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि आरशाच्या कडेला खोचलेली गाड्यांची चित्रं. भांग्याला गाड्यांचं भारी वेड, आणि त्याहून जास्त वेड गाड्यांवरून भांडणाऱ्या माणसांचं.

भांडणारे दोघे ठरलेले. एक दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी जुनी लाल स्पोर्ट्स कार होती आणि तिच्याबद्दल बोलताना ते पेशंटसुद्धा विसरत. दुसरा भांग्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरोघर विजेचे मीटर तपासणं हे त्याचं काम, त्यामुळे उद्याचं जग विजेवरच चालणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दर रविवारी सकाळी दोघे शेजारच्या खुर्च्यांत बसत आणि आरशातून एकमेकांशी भांडत.

"तुमच्या त्या बॅटरीच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले मोबाइल," डॉक्टर म्हणत. "चार वर्षांनी जुना मोबाइल कुणी विचारतं का? माझी गाडी मात्र दरवर्षी महाग होते."

"का होते महाग, सांगू?" मेहुणा खुर्चीतून अर्धा उठे. "तुमच्या पिढीच्या पोरांनी तिचं चित्र भिंतीवर लावलं होतं म्हणून. तुमची पिढी म्हातारी झाली की ती घ्यायला कोण येणार? आणि तिच्यात ओतायला पेट्रोल कुठून आणणार? औषधाच्या दुकानातून, ड्रॉपरनं?"

"घोडे मिळतात ना अजून? तसं पेट्रोलही मिळेल. तुमच्या त्या नव्या कंपन्यांचं सांगा. पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा उगवल्यात. किती टिकणार?"

प्रकरण हातघाईवर आलं की भांगे एकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवी. त्या माणसाला तोंड बंद ठेवावंच लागे. मग दुसरा मनसोक्त बोलून घेई. पुढच्या वेळी भांगे आठवणीनं दुसऱ्याच्या गळ्यावर वस्तरा ठेवी, म्हणून त्याच्यावर पक्षपाताचा आरोप कधी झाला नाही.

अशा सगळ्या चर्चेतून शेवटी भांग्यानं स्वतः गाडी घेतली, ती मेहुण्याच्या भरीला पडून. विजेवर चालणारी, एका अगदी नव्या कंपनीची. "दाजी, डोळे झाकून घ्या," मेहुणा म्हणाला होता, "ही कंपनी उद्या सगळ्यांना मागे टाकणार."

पहिल्या दिवशी तो बायकोला घेऊन तलावाच्या रस्त्याला गेला. भांग्याचं सगळं आयुष्य आवाजात गेलेलं. दिवसभर कानाशी मशीनची गुरगुर, ड्रायरची घरघर, रेडिओ, गिऱ्हाइकांच्या गप्पा. चढावर त्यानं पाय दाबला आणि गाडी नुसती उचलल्यासारखी वर गेली. आवाज नाही, हिसका नाही. चाकाखाली खडी चुरचुरत होती ती ऐकू येत होती. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अहो, बंद पडली का?" बायकोनं हळूच विचारलं.

"चालू आहे," तोही कुजबुजला. देवळात बोलावं तसं दोघं कितीतरी वेळ कुजबुजतच बोलत राहिले, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दीड-दोन वर्षं सुखाची गेली. मग एका रविवारी डॉक्टरांच्या तोंडावर गरम टॉवेल असताना रेडिओवर बातमी लागली. ती कंपनी बुडाली होती. कारखान्याला कुलूप, कामगार घरी. डॉक्टरांनी टॉवेल तोंडावर तसाच दाबून धरला.  मेहुणा चहा तसाच टाकून उठला आणि नंतर बरेच रविवार सलूनकडे फिरकलाच नाही.

गाडी मात्र चालत होती. मग एका सकाळी तीही थांबली. कंपनीकडून इंटरनेटवरून आलेली शेवटची सॉफ्टवेअरची दुरुस्ती गाडीत अर्धवटच उतरली होती म्हणे. पडद्यावर एक पांढरं कडं गोल गोल फिरत राहिलं. गाडी पुढे जाईना की मागे. कंपनीचा फोन लागत नव्हता. गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि हात टेकले. "याच्यात फिरवायला नट असता तर फिरवला असता," तो म्हणाला.

सलूनसमोर गाडी धूळ खात उभी राहिली. कुणीतरी काचेवर बोटानं 'आंघोळ घाला' असं लिहून गेलं. भंगारवाला दोनदा चौकशी करून गेला. दोन्ही वेळा भांग्यानं त्याला वाटेला लावलं.

"ठेवून करणार काय तिचं?" बायको म्हणाली.

"माहीत नाही. पण तिला तोडताना मला बघवणार नाही."

हे डॉक्टरांच्या कानावर गेलं. त्या संध्याकाळी दवाखाना बंद करून ते सलूनमध्ये आले आणि म्हणाले, "भांगे, चल माझ्याबरोबर."

इतक्या वर्षांत भांग्यानं ती लाल गाडी फक्त रस्त्यावरून जाताना पाहिली होती. डॉक्टरांनी घरामागचं शटर वर केलं, दिवा लावला आणि गाडीवरची चादर अशी अलगद काढली, की झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढताहेत असं वाटावं.

"ही बनवणारी कंपनी कुठे आहे आता?" भांग्यानं विचारलं.

डॉक्टर हसले. "कुठेच नाही. मी शाळेत होतो तेव्हाच बुडाली."

भांगे त्यांच्याकडे वळला. "मग तुम्ही मेहुण्याला एवढं..."

"त्याला कशाला सांगू? भांडणात कुणी स्वतःची उणी बाजू सांगतं का?" डॉक्टरांनी बॉनेट वर केलं. "हे बघ. हा पिस्टन एका निवृत्त लोहारानं घडवलाय, त्याच्याकडेही अशीच गाडी होती. या सीट एका आजीबाईंनी शिवल्यात, त्यांच्या मिस्टरांकडेही हीच गाडी होती. काचेचं रबर समुद्रापलीकडून एकानं पाठवलं. त्याला मी आजवर पाहिलेलं नाही. कंपनी गेली तेव्हा लोकांनी या गाड्या खड्ड्यात लोटल्या. मूठभर माणसांनी मात्र सोडल्या नाहीत. आज हिला जे मोल आलंय ना, ते त्या हट्टी माणसांचं आहे."

मग त्यांनी किल्ली फिरवली. आधी खोकल्यासारखा एक आवाज आला, आणि एकदम सगळी खोली भरून गेली. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो छातीत ऐकू येत होता. कपाटातल्या बाटल्या थरथरू लागल्या. भांग्यानं नकळत हात पुढे करून लाल पत्र्यावर ठेवला. जित्या जनावराच्या पाठीसारखा तो पत्रा धडधडत होता. भांग्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं आलं नाही हे डॉक्टरांना कळलं. तरी ते म्हणाले, "धूर जरा जास्तच करते."

दुसऱ्या दिवशी भांगे मेहुण्याच्या दारात जाऊन उभा राहिला. मेहुणा मान खाली घालून म्हणाला, "दाजी, तुम्हाला तोंड दाखवायला..."

"तोंड राहू दे. दाढी बघ किती वाढवलीयस! आणि मला एक काम करून दे. आपल्या गाडीसारख्या गाड्या अजून कुणाकुणाकडे आहेत, शोध."

मेहुणा पेटून उठला. त्यानं मोबाइलवर गावोगावची माणसं हुडकली. कुणी शिक्षिका, कुणी पाववाला, कुणी वकील; सगळ्यांच्या दारात बंद पडलेली तीच गाडी. आणि त्यांच्यात एक बाई निघाली. ती त्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. नोकरी गेल्यावर शाळेत गणित शिकवू लागली होती. "आपण लिहिलेलं असं अर्धवट पडलंय, याची मला झोपेतही टोचणी लागते," ती फोनवर म्हणाली. सुट्टी लागली की जिथे अशी बंद गाडी असेल त्या गावाला जाऊन ती चालू करून द्यायची.

ती आली तेव्हा गल्ली लोटली होती. तिनं आधी पडदा आणि दिवे चालवणारी छोटी बॅटरी चार्ज केली, मग स्टिअरिंगखालून एक वायर ओढून लॅपटॉपला जोडली आणि मांडी घालून सीटवरच बसली. बराच वेळ नुसती बोटं चालत होती. डॉक्टर काचेला नाक लावून उभे होते. भांग्याला वाटलं, आपणही असेच कुणाच्या डोक्यावर वाकतो तेव्हा बाहेरून असेच दिसत असू.

फिरणारं कडं थांबलं. पडदा काळा झाला.  मग पुढचे दिवे हळूहळू उजळले, झोपेतून डोळे उघडावेत तसे, आणि आरसे आपणहून बाहेर वळले.

"अगंबाई!" भांग्याची बायको एवढंच म्हणाली. मेहुण्यानं तोंड फिरवून नाक पुसलं.

डॉक्टर त्या बाईला म्हणाले, "बाई, यातला एकही शब्द मला वाचता येणार नाही. पण लोहाराचा हात मी ओळखतो."

त्या वर्षीच्या थंडीत सगळे गाडीवाले एका जुन्या, वापरात नसलेल्या विमानतळावर जमले. डॉक्टरांनी आपली लाल गाडीही आणली होती. सकाळी धुकं उतरत होतं. कुणीतरी हात वर केला आणि त्या गाड्या एकामागून एक धावपट्टीवर निघाल्या. किती होत्या ते भांग्यानं मोजलं नाही. धुक्यातून येतच होत्या, संपतच नव्हत्या. आणि आवाज म्हणावा तर फक्त वाऱ्याचा. कडेच्या गवतात बगळ्यांचा थवा बसला होता, त्यातला एकही उडाला नाही. त्यांच्या अगदी जवळून ती सगळी रांग पाण्यासारखी वाहत गेली.

भांगे आपली गाडी घेऊन धावपट्टीच्या टोकाला पोचला, तेव्हा डॉक्टर आपल्या गाडीचं इंजिन बंद करून, टोपी हातात घेऊन उभे होते.

"काय झालं डॉक्टर? बंद पडली?" भांग्याशेजारी बसलेल्या मेहुण्यानं खिडकीतून विचारलं.

"गप रे," डॉक्टर म्हणाले. "ऐकू दे."