अरुणाबाईंचे वाल

पंढरीनाथ ठोसरांना तिकडे उत्तरेत, आलमबागेत सगळे ‘फफूंदीवाले साहब’, म्हणजे बुरशीवाले साहेब, म्हणत, आणि त्यात खोटं काय होतं हो? वाळल्या कडधान्यावर बुरशी धरली की त्यात विष उतरतं, ते प्रयोगशाळेत शोधण्यात त्यांची हयात चाललेली. बाजारात राजमा घेतानाही दाणा न् दाणा उजेडात धरत. दुकानदार कपाळाला हात लावी. घरात कडधान्याला मोड आणायची सक्त मनाई! ‘ओलं फडकं म्हणजे बुरशीचं माहेर’ हे ऐकून बायकोचे, हेमाताईंचे, कान किटले होते.

बरं, एवढ्यावर भागावं ना! लेकीच्या, उल्काच्या, कानपूरच्या स्थळाकडे हे गृहस्थ ताटातला छोला सोलून ‘हा संशयित दिसतो’ म्हणाले. स्थळ जागच्या जागी फिसकटलं.

आता बँकेतल्या जगदीशचं आलं होतं, आणि तो उल्काला मनापासून आवडला होता. ‘या खेपेला तोंड उघडाल तर याद राखा!’ हेमाताईंनी नवऱ्याला दम भरला. जगदीशची आई अरुणाबाई मूळच्या पेणच्या. त्यांनी फडक्यात बांधलेले भिजवलेले वाल आदल्या दिवशीच पाठवले आणि निरोप दिला, ‘उद्या येऊन बिरडं मीच करते.’

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी पदर खोचला. ‘वाल कुठायत?’

उल्का पांढरीफटक पडली. सकाळी तिनं पुरचुंडी सोडली, तर दाण्यांना पांढऱ्या शेपट्या! जन्मात मोड न पाहिलेल्या पोरीनं सगळे वाल कचऱ्यात ओतले होते. तिनं ते बाबांच्या कानात सांगितलं आणि पंढरीनाथांना घाम फुटला. होणाऱ्या सासूनं दिलेलं अन्न पोरीनं फेकलं, आता कसलं लग्न नि कसलं काय!

उभ्या नोकरीत एक खोटा रिपोर्ट न दिलेला हा माणूस घसा खाकरून म्हणाला, ‘मी फेकले. बुरशी होती.’

‘बुरशी? माझ्या वालांना?’ अरुणाबाई कडाडल्या.

‘नहीं काकू, बाबा झूठ बोल रहे हैं,’ उल्का रडवेली झाली. ‘मैंने फेंके. सफेद धागे देखे, तो लगा फफूंदी है.’

अरुणाबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्या बापाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे. आणि अशा हसत सुटल्या की डोळ्यांत पाणी आलं.

‘लेकीसाठी खोटं बोललात, ते माफ. पण व्याहीबुवा, माझ्या वालांना बुरशी लावलीत ना? आता लग्नाच्या पंगतीचे वाल तुम्हीच सोलायचे. एकूण एक!’