फाटकाबाहेरचा चहा

तिला सगळे स्टेपनी म्हणायचे. बाप ट्रक चालवायचा आणि ही तिसरी पोरगी शाळेला सुट्टी लागली की केबिनमध्ये चढून बसायची. "दोन चाकं घरी आईपाशी, ही जादाची माझ्यासंगं," असं आबा म्हणाले न् नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं ती कॉम्प्युटर शिकली, चांगल्या नोकरीला लाथ मारून स्वतःची कंपनी काढली, तरी आई फोनवर विचारायचीच, "स्टेपनी, जेवलीस का?"

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. रबराचा वास, चार टेबलं न् भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके. साबणाच्या वडीएवढी एक बॅटरीवरची डबी तिनं बनवली होती. ती ट्रकमध्ये चिकटवली की गाडी कुठं आहे ते मालकाला घरबसल्या दिसायचं. मालक खूश, धंदा जोरात.

एका सकाळी बघते तर अर्धेअधिक ठिपके एकाच जागी. हायवेवरच्या एका खाणावळीपाशी, गुळाला मुंग्या लागाव्यात तसे. तेवढ्यात एका मालकाचा फोन आला.

"ताई, माझा ड्रायव्हर म्हणतो मी बंदरात पोचलो. तुमची डबी म्हणते तो जेवतोय. कालपासून जेवतोय!"

दिवसभर असेच फोन. सगळ्यांचं म्हणणं एकच: ही भानगड महिन्याभरात मिटवा, नाहीतर डब्या उचलून न्या. तसं झालं असतं तर खोलीला कुलूपच.

ती तडक खाणावळीत गेली. चालवणाऱ्या मावशी भांडी विसळत होत्या.

"डब्या होय? त्या काय, पिठाच्या पिंपात."

झाकण काढलं तर पिंप भरलेलं. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक डबीला वेगळ्या रंगाची चिंधी.

"जाताना ठेवतात, येताना नेतात," मावशी म्हणाल्या. "चपला ठेवाव्यात तशा. मी कशाला नाही म्हणू?"

बाकावर भोंगा बसला होता. आवाजावरून पडलेलं नाव. बाकी ड्रायव्हर पक्का. तो म्हणाला, "ताई, गाडी जरा थांबली की मालकाचा फोन, झोपलास का रे? अहो, झाडामागं जायचं तरी हिशेब द्यायचा? आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर आम्हाला दोन-दोन दिवस कुजवतात, तेव्हा तुमच्या डबीची वाचा बसते काय?"

फाटक तिला नवं नव्हतं. ती जन्मली तेव्हा आबा असल्याच एका रांगेत अडकले होते. फाटक दिसलं की आबा आधी स्टोव्ह काढायचे, चाकाआड वारा चुकवून पेटवायचे. फाटक म्हणजे मुक्काम. तिथंच वाढलेल्या पोरीनं डबी बनवली, तीही पहारा ठेवायला ड्रायव्हरवरच!

परत आली न् तिनं डबीचं तोंडच फिरवलं. माल वेळेत पोचणार की नाही, एवढंच आता मालकाला दिसणार. ड्रायव्हर कुठं टेकला ते नाही. उलट गाडी फाटकाशी उभी राहिली की घड्याळ चालू, आणि ते, माल कुठवर आला बघायला कारखान्यांनी तिच्याकडूनच घेतलेल्या पडद्यावर, लालभडक.

सगळ्यात मोठ्या कारखान्याच्या साहेबानं तिला बोलावून घेतलं. "हे घड्याळ काढा. आमच्या वरच्यांना रोज दिसतंय."

"दिसावं म्हणूनच लावलंय, साहेब."

"मग आमचं काम गेलं समजा."

"तुमचं काम गेलं तर एक कारखाना जाईल. घड्याळ काढलं तर सगळ्या डब्या पिठात जातील."

साहेबाला पीठ कळलं नाही. ड्रायव्हरांना मात्र घड्याळ कळलं. भोंग्यानं हायवेभर दवंडी पिटली. आठवड्यात मावशींचा फोन आला, "पिंप रिकामं झालं गं बाई. आता पीठ भरू का?"

आणि साहेब? त्यानं काम काढून घेतलं, घड्याळही गेलं. पण जिथं घड्याळ, तिथलंच भाडं ड्रायव्हर आधी घ्यायला लागले. त्याच्या दारात माल पडून राहिला. शेवटी त्यानं घड्याळ मागून घेतलं, दुसरं फाटक उघडलं न् गाड्यांना वेळ ठरवून दिली.

आबांनी हे सगळं कानानंच ऐकलेलं. गुडघे गेल्यापासून ते घरीच. एकदा तिनं त्यांना भोंग्याच्या गाडीत बसवलं न् त्याच कारखान्यावर नेलं. आबांनी जुना स्टोव्ह बरोबर घेतला होता.

"आबा, लागायचा नाही तो."

"गप बस. फाटकं मी बघितलीत."

गाडी थांबली. आबा कण्हत उतरले, चाकाआड स्टोव्ह पेटवला, पातेलं ठेवलं, चहापत्ती टाकली. पाण्याला अजून कढ नव्हता, तोच फाटकवाला ओरडला, "ए, चला! आत घ्या गाडी!"

आबांनी मान वर केली. "आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

स्टोव्ह विझवून भोंग्यानं उचलला. पातेलं मात्र आबांनी कुणाला दिलं नाही. फडक्यात धरून केबिनमध्ये चढले न् मांडीवर घेऊन बसले. गाडी फाटकातून जाताना खिडकीतून डोकं काढलं, शेजारच्या स्टेपनीकडं बोट केलं न् भोंग्याच्या वर आवाज चढवून फाटकवाल्याला म्हणाले,

"माझी पोरगी आहे ही! बापाचा चहासुद्धा होऊ देत नाही!"