वाचकांना आवतण

चूक चार वाक्यांची होती. यंदाच्या येळवशीआधी मी माझ्या ब्लॉगवर एक लेख टाकला आणि त्याच्या शेवटी हौसेनं लिहून गेलो: "हे वाचणाऱ्या प्रत्येकानं यंदा आमच्याच रानात जेवायला यायचं. कमलनगरहून निघालं की कॅनॉल ओलांडायचा, दोन लिंबांच्या मधे दिसेल ती कोप आमची. वेगळा फोन येणार नाही. हेच आवतण समजा."

बाहेरच्यांना यात चुकीचं काय ते कळणार नाही, म्हणून सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या बीदर-कलबुर्गीकडं आणि पलीकडं लातूर-उदगीरकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग आंबिल, सगळ्या भाज्या-डाळींची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर हाणायची. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. बोलावलेला माणूस घासभर का होईना खाऊन जातो, आणि रानात आलेल्याला जेवल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. एकदा आवतण दिलं की दिलं. ते कवितेच्या ओळीसारखं वाऱ्यावर सोडायचं नसतं. मी सोडलं.

आता मुळात ब्लॉग कशाला, हे सांगायला हवं.

माझं पाइप-मोटारींचं दुकान आहे. पावसाळ्यात पाइप कोण घेतं? दुकानात बसून माशा मारायच्या आणि घरी येऊन बोलायचं, एवढंच काम. घरी मी बोलायला लागलो की बायको भाकरी थापता थापता माझ्या गोष्टीचा शेवट सांगून टाकते. लेकरं लांब शहरांत. फोनवर "हं, हं" करतात, आणि त्या "हं"च्या मागं बोटं दुसरंच काहीतरी चाळत असतात ते मला इथं ऐकू येतं. लोक ब्लॉग का लिहितात यावर इंटरनेटवर फार उंच उंच कारणं दिलेली आहेत. आत्मशोध, अभिव्यक्ती, ज्ञान वाटणं. मला विचाराल तर घरची माणसं ऐकायची बंद झाली की माणूस ब्लॉग लिहायला घेतो.

सुरुवात कशी करायची याचे व्हिडिओ मी हिंदीत पाहिले, कन्नडमध्ये पाहिले आणि मराठीत पाहिले. तिन्ही भाषांतली पोरं एकसारखा शर्ट घालून एकच सांगत होती. आधी विषय निवडा. ज्यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त कळतं तो निवडा. मला कळतं ते पाइपमधलं. पाइपवर कोण वाचणार, म्हणून मी पाइप सोडून बाकी सगळे विषय निवडले.

मग ब्लॉगला नाव ठेवायचं. लेकरांच्या बारशाला एवढा खल झाला नव्हता. सुचेल ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं. उघडून बघावं तर तिथं दोनच लेख. पहिला: "नमस्कार, आजपासून मी नियमित लिहिणार आहे." दुसरा: "बरेच दिवस लिहिणं झालं नाही, क्षमस्व." त्यानंतर सामसूम. चांगली चांगली नावं अडवून ही मंडळी कुठं परागंदा झालीत कोण जाणे. माझाही पहिला लेख "नमस्कार" असाच निघाला, पण दुसऱ्यात मी क्षमा मागितली नाही. तेवढा फरक.

किती जणांनी वाचलं याचा आकडा ब्लॉग आपल्याला दाखवतो. हे ज्यानं शोधून काढलं त्याला माणसाची नस बरोबर सापडली होती. मी दुकानाच्या फोनवरून उघडायचो, घरच्या फोनवरून उघडायचो, बायको झोपली की तिच्या फोनवरून उघडायचो. आकडा चढायचा आणि मला खरोखर आनंद व्हायचा. नातेवाइकांना लिंक पाठवली की अंगठा लगेच यायचा. लेख उघडायला जितका वेळ लागतो त्याच्याही आत यायचा.

"काय लिव्हायलाव एवढं?" बायकोनं एकदा विचारलं.

"वाच की."

"मी कामून वाचू? रोज ऐकायलेच की."

तर येळवशीचा लेख. तो मला चांगला साधला होता असं अजून वाटतं. त्यात मी बांधापलीकडच्या रानाची थोडी खोडी काढली होती. नाव घेतलं नव्हतं. "शेजारच्या कोपीतली आंबिल इतकी पातळ, की वाटीत आपलं तोंड दिसतं, कुणाची दाढी करायची राहिली असेल तर तिथंच उरकावी," एवढंच. आता आमच्या बांधापलीकडं रान एकच आहे आणि ते अप्पांचं आहे. वयस्कर माणूस, धोतर नेसणारा, हातात एक जुनाट मोबाईल. हा कुठला ब्लॉग वाचतोय, असा माझा हिशेब.

लेख संपवताना व्हिडिओतल्या पोराचा नियम आठवला: शेवटी वाचकाला काहीतरी करायला सांगा. शेअर करा, घंटा दाबा, तुमचं मत कळवा. मला ते मागायची लाज वाटली. आमच्याकडं माणूस लोकांपुढं हात पसरत नाही. पण जेवायला या म्हणायला आमच्याकडं कुणाला लाज वाटत नाही. म्हणून मी तेच म्हणालो.

ते शेवटचं आवतण कुणीतरी फोटो काढून पुढं ढकललं. फक्त ते. वरचा लेख कापून.

येळवशीच्या सकाळी घोंगडं पांघरून, डोक्यावर आंबिलीचा बिंदगा घेऊन मी रानाकडं निघालो, तेव्हा वाटेत एक गिऱ्हाईक मोटारसायकलवरून ओरडलं, "येतो बरं का मालक, आवतण मिळालं!" मला वाटलं, तोंडदेखलं बोलला असेल. मी बिंदगा सांभाळत मान हलवली.

बायको पुढं चालली होती. ह्या दिवसाचा तिला धाक असतो. माझ्या आईनं तिच्या हाती चूल देताना एकच सांगितलं होतं, की आपल्या कोपीतून कुणी उपाशी जाता कामा नये. लग्न होऊन आली तेव्हापासून एकही माणूस गेलेला नाही. हे ती कुणाला बोलून दाखवत नाही. पण येळवशीच्या आदल्या दिवशी तिचं डाळीवर डाळ मोजणं चाललेलं असतं, आणि तेव्हा मी तिच्या वाटेत येत नाही. यंदाही तिनं घरची माणसं, भावकी आणि हळ्ळीखेडचे पाहुणे धरून, वर थोडं हात सैल सोडून स्वयंपाक केला होता.

पूजा झाली. रानाभोवती आंबिल शिंपडत, मराठी-कानडी मिसळलेली पिढीजात आरोळी देत आम्ही फेरी मारली. परत येतोय तर लिंबाखाली एक जीप उभी. तिच्यातून माणसं उतरत होती, आणि उतरतच होती. जीपमागं टेम्पो होता.

"ही कोण माणसं म्हणायची?" बायकोनं पदर सावरत विचारलं.

"वाचक हाईत."

"कुणाचे?"

"माझे."

तिनं टेम्पोकडं पाहिलं. मग भज्जीच्या पातेल्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"तर मग त्यास्नी वाचायला द्या की. जेवायला कामून आणलाव?"

पहिली पंगत बसली. मी वाढत होतो आणि, खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. एका पाहुण्याला हळूच विचारलं, "लेख कसा वाटला?"

"कंचा लेख?" तो उंडा मोडत म्हणाला. "आवतणाचा फोटो आला होता. भज्जी मातर एक लंबर."

दुसरं एक कुटुंब कोहिनूर गावाकडून आलं होतं. त्या घरच्यांना मराठी वाचताच येत नव्हतं. कुणीतरी त्यांना कन्नडमध्ये सांगितलं होतं, की कॅनॉलपाशी एक अण्णा सगळ्यांना ऊट, म्हणजे जेवण, घालतोय. घरच्या म्हाताऱ्यानं माझ्या हाताला हात लावून मला भरभरून आशीर्वाद दिला. लेखनाबद्दल मला मिळालेला तो पहिला आशीर्वाद, आणि तोसुद्धा खिरीमुळं.

दुसऱ्या पंगतीला भज्जी तळाला गेली. कॅनॉलवर आणखी एक टमटम वळताना दिसली. बायकोनं बिंदग्यात पळी घातली, ती तळाशी खरवडल्याचा आवाज मला इकडं ऐकू आला. तिच्या तोंडावर जे आलं ते मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. राग असता तर मला सवय आहे. ती घाबरली होती. पंगतीच्या कडेला पानावर वाट बघत बसलेल्या बायकांकडं बघत ती हळू आवाजात म्हणाली, "आज जातंय बगा कोण तरी उपाशी."

मग रिकामी घागर तिनं माझ्या हातात दिली.

"जावा. अप्पाच्या रानात."

"अप्पाच्या कशाला? पलीकडं त्या..."

"सगळ्यात जवळ कोण हाय?"

जवळ अप्पाच होते. बांध ओलांडताना मी स्वतःला समजावत होतो, की त्यांनी वाचलेलं असणं शक्य नाही. अप्पा कोपीपुढं पाट टाकून बसले होते, पुढ्यात ताट. मला घागरीसकट येताना त्यांनी पाहिलं आणि सावकाश हात धुतला.

"ये मालक. दाढी करायला आलास?"

मी घागर पाठीमागं घेतली.

"अप्पा... तुमी वाचलाव?"

"वाचलो की. पयल्यापासून वाचतो. दुपारी येळ जात न्हाई, मग बसतो वाचत." त्यांनी मोबाईल कमरेतून काढून दाखवला. काचेला तडा होता. "त्यो तिसरा तेवढा बरा लिव्हलास."

मागं माझ्या रानात माणसं पानावर बसून होती, बायकोच्या जिवाला घोर लागला होता, आणि मी ती रिकामी घागर धरून विचारलं, "तिसरा कंचा, अप्पा? मोटारीवरचा का जावयावरचा? अन् बाकीचे?"

"आरं, आधी आंबिल ने! बाया वाट बगायल्या तिकडं." अप्पा उठले. "पातळ हाय म्हणलास नव्हं? पातळ हाय म्हणून लई जणाला पुरंल."

त्यांनी नुसती घागर भरली नाही. सुनांना हाक मारली, भज्जीचं पातेलं उचलायला लावलं, भाकरीची दुरडी एकीच्या डोक्यावर दिली आणि स्वतः आंबिलीचा माठ खांद्यावर घेऊन माझ्यापुढं चालायला लागले. मी मागून घागर घेऊन. आमच्या कोपीपाशी आल्यावर त्यांनी माठ खाली ठेवला आणि पंगतीला मोठ्यानं सांगितलं, "ही माझी आंबिल हाय बरं का. तोंड बगून प्या!"

मी पंगतीकडं चोरून पाहिलं. पण पंगतीत कुणीच हसलं नाही. सगळे आंबिल पीत राहिले. हसायला यावं असं त्यातल्या कुणी काही वाचलंच नव्हतं. वाचलेले तिथं दोघंच, अप्पा आणि मी.

टमटममधली माणसंसुद्धा जेवली. शेवटी बायको आणि अप्पांच्या सुना एका पानावर बसल्या. कुणी उपाशी गेलं नाही. अप्पांची आंबिल, कबूल करायला हरकत नाही, चांगली आंबट झाली होती.

दिवस कलल्यावर ट्रॉलीत भांडी भरून आम्ही घराकडं निघालो. बायको रिकामा बिंदगा मांडीवर धरून बसली होती. मी म्हणालो, "आज घरी गेलो की काढून टाकतो सगळं. ब्लॉगच बंद करतो."

"बंद कामून करताव?" ती म्हणाली. "लिव्हा की. तुमी तिकडं बोललाव की मला घरात तेवढीच शांतता. पर आवतण हितून पुढं मी देणार. अन् उद्या सकाळी अप्पाकडं जायचं, भज्जीचं ताट घेऊन. माफी मागायची, ती तोंडानं मागायची, लिव्हून न्हाई." तिनं बिंदगा दुसऱ्या मांडीवर घेतला. "अन् जाताना घरूनच दाढी करून जावा."